चढणीचे मोल : बोरघाटाच्या वाटांचा इतिहास

मुंबई आणि पुणे या दोन शहरांमधले अंतर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर असले, तरी या प्रवासाचा स्वभाव ठरतो तो खोपोली आणि खंडाळा यांच्यामधल्या मोजक्या किलोमीटरांत. पनवेलकडून येणारी वाट खोपोलीपर्यंत समुद्रसपाटीपासून फारशी वर चढत नाही. तेथे मात्र सह्याद्रीचा कडा समोर उभा राहतो आणि सुमारे साडेपाचशे मीटरांची उंची थोडक्या अंतरात गाठावी लागते. ही चढण म्हणजेच बोरघाट, ज्याला जुन्या कागदांत आणि रेल्वेच्या व्यवहारात भोर घाट असेही म्हटलेले आढळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि त्याची पश्चिम कड झिजत, तुटत आजच्या कड्यांच्या रूपाने उरली. कठीण काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये मऊ, भुसभुशीत आणि तांबूस मातीचे थर असल्याने या कड्याला पायऱ्यांसारखे टप्पे पडले आहेत, आणि माणसाने घाटमाथ्यावर जाण्यासाठी शोधलेल्या बहुतेक वाटा या टप्प्यांचा आणि ओढ्यांनी कोरलेल्या खाचांचा आधार घेत वर गेल्या आहेत.

सह्याद्रीत अशा वाटांचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांना वेगवेगळी नावे आहेत. ओढ्याच्या अरुंद घळीतून सरळ वर चढणारी ती नाळ, दोन डोंगरांमधली चिंचोळी फट ती खिंड, आणि लादलेली जनावरे चढू-उतरू शकतील इतकी वळणे घेत, रुळलेली जी वाट कोकणातून देशावर जाते तो घाट. त्यामुळे घाट ही निसर्गाने दिलेली वस्तू मानता येत नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी, पुढे पहार-सुरुंगांनी आणि त्याहून पुढे यंत्रांनी ती घडवावी लागते. बोरघाटाचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहता एक गोष्ट वारंवार दिसते, ती ही की उंची तीच राहिली, मात्र ती चढण्याचे मोल कोणी भरायचे हे प्रत्येक काळात बदलत गेले.

लेण्यांचा आधार, तांड्यांची वाट

बोरघाटाच्या प्राचीनतेचा सर्वांत भक्कम पुरावा घाटात नसून घाटमाथ्यावर आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही बौद्ध लेणी इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांत, म्हणजे कोकणातून वर आलेल्या प्रवाशाला पहिल्या एक-दोन मुक्कामांत गाठता येतील अशा जागी कोरलेली आहेत, तर राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणे कोकणाच्या बाजूस आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख वाचले, तर या वास्तूमागचे दाते कोण होते हे स्पष्ट होते : वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट नावाच्या नगरातील गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तेथलाच एक सुतार, स्वतःला यवन म्हणवणारे अनेक दाते, आणि सोपाऱ्याहून आलेला एक भिक्षू. धेनुकाकट नेमके कोठे वसले होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु किनाऱ्यावरचे बंदर, घाटमाथ्यावरचा विहार आणि देशावरची बाजारपेठ यांना जोडणारी वाट इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत नांदती होती, हे या दानलेखांवरून निश्चितपणे म्हणता येते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत कल्याणचा बंदर म्हणून आणि पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा दख्खनमधल्या बाजारपेठा म्हणून उल्लेख येतो. या दोन टोकांमध्ये सह्याद्री आडवा असल्याने नाणेघाट, बोरघाट आणि थळघाट यांसारख्या मोजक्या वाटांवर व्यापाराचा सारा भार पडत होता.

पुढच्या शतकांत हा भार वाहिला तो बैलांनी. लमाण किंवा बंजारा यांचे तांडे, म्हणजे शेकडो लादलेल्या बैलांचे काफिले, मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर नेत आणि धान्य, कापूस, गूळ, तेल खाली आणत. गाडी चढू शकत नसल्याने प्रत्येक नग बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर चढे. परिणामी वजनाला हलक्या आणि किमतीला भारी मालाचा व्यापार सुखाने चाले, तर अवजड आणि स्वस्त मालाचा भाव घाट ओलांडताच बराच वाढलेला असे. घाटात चौकी असे आणि तेथे जकात घेतली जाई. जो घाट राखी त्याच्या हाती ही जकात येई, आणि म्हणून राजमाची, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले या परिसरात इतक्या दाटीने उभे आहेत. पेशवाईत नाना फडणविसांनी खोपोली येथे बांधलेले महादेवाचे मंदिर आणि विस्तीर्ण तलाव यांचाही अर्थ याच संदर्भात लावावा लागतो, कारण चढणीच्या पायथ्याशी थकलेल्या माणसा-जनावरांना पाणी आणि विसावा देणे हे त्या काळात पुण्यकर्म होते, तसेच ते व्यापाराची आणि राज्याची गरजही भागवत होते.

तोफांची अडचण

व्यापारी घाट शोधतो तो सोपा म्हणून, आणि लष्करी सेनापतीला त्याच घाटाची धास्ती वाटते, कारण चढणीवर फौज एका ओळीत ताणली जाते आणि संख्येचा फायदा नाहीसा होतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी झालेली उंबरखिंडीची लढाई हे याचे ठळक उदाहरण आहे. मुघल सुभेदार शायिस्ताखानाने कोकणात पाठवलेला सरदार कारतलबखान याने बोरघाटाची वहिवाटीची वाट सोडून तिच्या दक्षिणेची कुरवंडे घाटाची वाट धरली. परंतु चावणी गावाजवळच्या दाट रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने दोन्ही बाजू धरून ठेवल्या होत्या. पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना अशी स्थिती झाल्यावर, बरोबर असलेली मुघल सरदार रायबागन हिच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामान व खंडणी देऊन सुटका करून घेतली.

या लढाईनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी हाच धडा ईस्ट इंडिया कंपनीला दोनदा मिळाला. रघुनाथरावाला पेशवेपदावर बसवण्यासाठी १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली कंपनीची फौज पनवेलमार्गे बोरघाट चढून खंडाळ्यास आली; सुमारे चार हजारांच्या या फौजेबरोबर सामान आणि तोफा ओढण्यासाठी तब्बल १९,००० च्या आसपास बैल होते, यावरूनच घाट किती मोठे ओझे लादत होता हे कळते. मराठ्यांनी समोरासमोरची लढाई टाळली, चारा आणि दाणा नाहीसा केला आणि पिछाडी तोडली. ज्याला मराठे ‘इष्टुर फाकडा’ म्हणत तो कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ ठार झाला, तळेगावाहून फौज मागे फिरली आणि वडगाव येथे कंपनीला मानहानीचा तह करावा लागला. दोनच वर्षांनी, १७८१ मध्ये, वसई जिंकून आलेल्या जनरल गॉडार्डने बोरघाट ताब्यात घेतला. पण घाट ताब्यात असणे आणि घाटाच्या दोन्ही बाजूंची रसद ताब्यात असणे या भिन्न गोष्टी आहेत हे त्यालाही उमगले, आणि परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांच्या फौजांनी पनवेलपर्यंतच्या माघारीत त्याची मोठी हानी केली.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात चित्र पालटले. पुण्यात कंपनीचा जम बसू लागल्यावर मुंबईहून तोफा व दारूगोळा वर आणण्याची सोय करणे आवश्यक ठरले आणि १८०४ मध्ये, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झालेल्या जनरल आर्थर वेलस्लीने बोरघाटाची वाट तोफा जाऊ शकतील अशी करून घेतली. या घाटाच्या आधुनिक रस्त्याचा पहिला आराखडा असा लष्करी गरजेतून आखला गेला.

१८३० चा गाडीरस्ता

पेशवाई संपल्यानंतर मुंबई इलाख्याचा कारभार कोकण आणि देश अशा दोन्ही भागांवर चालू लागला आणि मधला कडा ही प्रशासनाची रोजची अडचण झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूजेस यांच्या देखरेखीखाली घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता बांधण्यात आला आणि नोव्हेंबर १८३० मध्ये तो खुला झाला. या रस्त्याने केलेला मूलभूत बदल म्हणजे चढणीचा कोन कमी करून अंतर वाढवणे. बैल सरळ चढू शकतो, चाक तसे चढू शकत नाही. म्हणून कड्याला वळसे घालत, दरीच्या बाजूस दगडी कठडे आणि आधारभिंती उभारत, ओढ्यांवर मोऱ्या आणि पूल बांधत रस्ता वर न्यावा लागला. मुंबईहून गलबताने किंवा पुढे आगबोटीने पनवेलला उतरायचे, तेथून खोपोली गाठून घाट चढायचा आणि खंडाळ्यावरून पुण्यास जायचे, असा प्रवास या रस्त्यामुळे टपाल, पालख्या, टांगे आणि मालाच्या बैलगाड्या या सर्वांना शक्य झाला. गाडीच्या एका बैलजोडीने लादलेल्या कित्येक बैलांचे काम होऊ लागल्याने तांड्यांचा व्यवसाय या वाटेवर मागे पडू लागला. लमाणांच्या भटक्या व्यापाराची जी पडझड एकोणिसाव्या शतकात देशभर झाली, तिची सुरुवात अशा गाडीरस्त्यांनी केली आणि रेल्वेने ती पूर्ण केली.

घाटात वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा नावाच्या धनगराची लोककथा याच बांधकामांच्या काळाशी जोडली जाते. इंग्रज इंजिनिअरांना मार्ग सापडत नव्हता, तेव्हा गुरे चारता चारता डोंगर पायाखाली घातलेल्या शिंगरोबाने त्यांना वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला प्राण गमवावे लागले, असे ही कथा सांगते. तिला कागदोपत्री आधार दाखवता येत नाही. तरीही घाटातील शिंगरोबाच्या मंदिरापाशी गाडीचा वेग कमी करून हात जोडणारे आणि नाणे वाहणारे वाहनचालक दीर्घकाळ ही कथा जिवंत ठेवत आले आहेत. सर्वेक्षकाच्या नकाशाआधी स्थानिक माणसाचे ज्ञान होते आणि त्या ज्ञानाची नोंद कोणत्याही शिलाफलकावर झाली नाही, ही लोकमानसातली ठाम भावना या श्रद्धेतून व्यक्त होते आणि इतिहासकाराने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

लोहमार्ग आणि त्याचे मजूर

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीने १८५३ मध्ये मुंबई-ठाणे मार्ग सुरू केला आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले. वरच्या बाजूस खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे अशी विलक्षण स्थिती होती की प्रवासी खोपोलीस आगगाडीतून उतरत, पालखी, घोडा किंवा गाडीने माल्कमच्या रस्त्यावरून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसत.

मधला तुकडा जोडण्याचे काम मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरांच्या या मार्गात ५५८ मीटरांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे ८ मोठे पूल होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांच्या धावेत एक फूट उंची असा होता, आणि इतके करूनही एका जागी कड्याला वळसा घालणे न जमल्याने गाडी उलट दिशेने वळवून पुढे नेणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधावे लागले. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याच्या काळात मजुरी थकल्याने १८५९ च्या आरंभी मजुरांनी उठाव केला आणि त्याच वर्षी त्याला काम सोडावे लागले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ॲडमसन व क्लाउझर या इंजिनिअरांकडून ठेका पुरा करवून घेतला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत मार्गाचे उद्घाटन झाले.

या कामावर १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. दोरांनी कमरेला बांधून कड्यावर सोडलेले सुरुंगवाले, दगड फोडणारे वडार, पाट्या वाहणाऱ्या बायका आणि मुले, असे हे मनुष्यबळ घाटातच उभारलेल्या झोपड्यांत राहत होते, आणि पटकी, ताप, स्फोट व दरडी यांत हजारो माणसे दगावली. ठेकेदार, इंजिनिअर आणि गव्हर्नर यांची नावे नोंदवली गेली. या मृतांची मात्र नावनिशी यादी कोणी ठेवली नाही. बोरघाटाच्या चढणीचे सर्वांत जबर मोल भरणारा वर्ग हाच होता.

रेल्वेचा लाभ तात्काळ दिसू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व भाव आला असताना दख्खनकडे जाणारा लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईच्या भरभराटीला त्याची जोड मिळाली. परंतु घाटाने आपली अट सोडली नाही. १८६७ मध्ये माऊ-की-मळी येथील पूल कोसळला आणि मार्ग वळवावा लागला. १९२९ मध्ये विजेवर गाड्या धावू लागल्या, त्याच सुमारास नवे बोगदे खोदून रिव्हर्सिंग स्टेशन रद्द करण्यात आले, आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने मुंबई-पुणे प्रवासाची कल्पनाच बदलली. तरीही आजसुद्धा वर जाणाऱ्या बहुतेक लांब गाड्यांना कर्जतला थांबून ‘बँकर’, म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिने, जोडावी लागतात, आणि उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवण्यासाठी चढावाच्या दिशेने टाकलेले ‘कॅच सायडिंग’ नावाचे फाटे तयार ठेवावे लागतात.

उंचीची परतफेड

ज्या उंचीने चढणाऱ्याला शतकानुशतके दमवले, तिच्याकडून काही परत घेण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्षात आली. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जमशेटजी टाटा यांच्या योजनेनुसार, त्यांच्या पश्चात, लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे तलाव बांधून ते पाणी नळांतून खोपोलीच्या वीजगृहावर सोडण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटाच्या कड्यावरून पाणी जितक्या उंचीवरून पडते तितकी वीज अधिक मिळत असल्याने, वाहतुकीचा अडथळा हाच येथे ऊर्जेचा स्रोत ठरला. मात्र याच कड्यावर दक्षिणेकडे मुळशीचे धरण बांधले जात असताना १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, कारण धरणाच्या पाण्याखाली मावळातील सुपीक भातखाचरे आणि गावे जाणार होती. उंचीने दिलेल्या विजेचे मोलही अखेर कोणाच्या तरी जमिनीने भरले.

द्रुतगती मार्गाचे गणित

मोटारी आणि ट्रक वाढत गेले तसा १८३० च्या आखणीवरचा घाटरस्ता, जो पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ चा भाग झाला, अपुरा पडू लागला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने सहा मार्गिकांचा, सिमेंट काँक्रीटचा आणि ठरावीक जागीच प्रवेश देणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हाती घेतला. २००० पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेत येथील बोगद्यांनी पूर्वी वळसे घालून ओलांडलेले डोंगर थेट भेदले. मात्र घाटाच्या वरच्या भागात जुन्या व नव्या रस्त्यांची वाहतूक काही अंतर एकत्र येत असल्याने तेथे कोंडी होते, आणि सुट्यांच्या दिवशी ही कोंडी तासन्‌तास टिकते.

आजच्या घाटात चढणीपेक्षा उतार अधिक घातक ठरतो. भरलेला ट्रक उतारावर सतत ब्रेकवर धरला तर लायनर तापतात आणि ब्रेक पकड सोडतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली तर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार पुन्हा ब्रेकवरच येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम पाळला गेला तर यातले पुष्कळ अपघात टळतील. पण माल पोहोचवण्याची घाई, क्षमतेहून अधिक भार आणि अपुरी झोप यांचा ताण चालकावरच पडतो, आणि एकेकाळी बैलाच्या पाठीवर असलेले ओझे आता त्याच्या मज्जातंतूंवर आले आहे.

दुसरा धोका दरडींचा. रस्त्यासाठी कडा कापला की कठीण खडकाखालचे मऊ थर उघडे पडतात, पावसाचे पाणी भेगांत शिरते आणि वरचा पाषाण आधार सोडतो. २०१५ च्या पावसाळ्यात आडोशीजवळ दरडी कोसळून जीवितहानी झाली, त्यानंतर कड्यांना लोखंडी जाळ्या बसवण्यात आल्या. २०१९ च्या अतिवृष्टीत मंकी हिल परिसरात लोहमार्गाचे मोठे नुकसान झाले.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणून २०१९ मध्ये ‘मिसिंग लिंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाचे काम सुरू झाले. खोपोली ते कुसगाव अशा सुमारे १३.३ किलोमीटरांच्या या मार्गात अंदाजे पावणेदोन आणि नऊ किलोमीटर लांबीचे दोन बोगदे आणि दरीवर सुमारे १८० मीटर उंचीचे मनोरे असलेला केबलचा पूल यांची आखणी आहे. त्यामुळे अंतर सुमारे सहा किलोमीटरांनी आणि प्रवास वीस ते पंचवीस मिनिटांनी घटावा अशी अपेक्षा आहे. वळसे घालून चढण सौम्य करणारा घाट ते पर्वताच्या पोटातून जवळजवळ सरळ जाणारा मार्ग, असा अभियांत्रिकीचा प्रवास येथे पूर्ण होतो.

वारशाची जबाबदारी

या प्रवासात जुने टप्पे झपाट्याने नाहीसे होत आहेत. १८३० च्या रस्त्यावरचा दगडी पूल, जो त्यावरील औषधाच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून लोकांना ठाऊक होता, त्याचे खांब द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीला अडथळा होत असल्याने एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला. सुरक्षिततेचे कारण खरे होते. तरीही एकशे नव्वद वर्षे उभी असलेली वास्तू पाडण्याआधी तिचे तपशीलवार मोजमाप, छायाचित्रण आणि निवडक दगडांचे जतन करून ते लोकांसाठी खुले करणे हा सार्वजनिक कामाचा अनिवार्य भाग असायला हवा.

बोरघाटात अजूनही पुष्कळ काही शिल्लक आहे : जुन्या रस्त्याच्या आधारभिंती, वापरातून गेलेले रेल्वेचे बोगदे, रिव्हर्सिंग स्टेशनचे अवशेष, खोपोलीचा तलाव, वीजगृह आणि घाटमाथ्यावरची लेणी. यांची एकत्रित नोंद करून घाटाचा सलग इतिहास सांगणारी संरक्षित पदवाट आखली, तर शालेय सहलीपासून अभियांत्रिकीच्या अभ्यासापर्यंत सर्वांना तिचा उपयोग होईल. त्या वाटेवर एक स्मारक १८५६ ते १८६३ मधल्या मजुरांचे असले पाहिजे, कारण त्यांची नावे परत मिळणार नसली तरी त्यांची संख्या, त्यांचे काम आणि त्यांचा मृत्यू यांची कबुली देणे शक्य आहे. त्याचप्रमाणे यापुढच्या प्रत्येक मार्गाचा ताळेबंद मांडताना वाचलेल्या मिनिटांच्या शेजारी कापलेला कडा, वळवलेले ओढे, विस्थापित वस्त्या आणि कामावर दगावलेली माणसे यांचे रकाने असले पाहिजेत. सह्याद्री ओलांडण्याची गरज महाराष्ट्राला कायम राहणार आहे. ते ओलांडणे ज्यांच्या कष्टाने आणि ज्यांच्या जमिनीवरून होते त्यांचा वाटा लिहून ठेवणे, हे रस्ता बांधण्याइतकेच सार्वजनिक कर्तव्य आहे.